नव्या खोक्यातील काही काडतुसांवर बोल्ट पूर्ण बंद होत नाही: दोष काडतुसात आहे की चेंबरमध्ये?

प्रश्न: तीनशे_मीटर

नमस्कार. माझ्याकडे .३०८ विंचेस्टर कॅलिबरची बोल्ट अॅक्शन रायफल आहे आणि गेली तीन वर्षे मी ती केवळ कागदी लक्ष्यावरील सरावासाठी वापरत आहे. या काळात मी एकाच कंपनीची काडतुसे वापरली. ती मिळेनाशी झाल्यामुळे या वेळी दुसऱ्या कंपनीचे वीस काडतुसांचे एक खोके घेतले. गोळीचे वजन पूर्वीइतकेच, म्हणजे १६८ ग्रेन आहे.

पहिली चार काडतुसे नेहमीसारखी बसली. पाचव्या काडतुसाच्या वेळी बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा सरकता भाग) पुढे गेला, दांडा खाली वळू लागला आणि साधारण अर्ध्या वाटेवर अडला. काही कचरा आला असेल असे समजून मी तळहाताने जोर दिला, तेव्हा तो कसाबसा बंद झाला. पण मनात शंका आल्यामुळे मी चाप न ओढता बोल्ट उघडायला गेलो, तर उघडतानाही तितकाच जोर लावावा लागला. बाहेर आलेल्या काडतुसाच्या खांद्यावर, म्हणजे जाड अंग मानेकडे निमुळते होते तिथे, एक चकचकीत कडे उमटलेले होते. त्यानंतर मी उरलेली काडतुसे एकेक करून हलक्या हाताने बसवून पाहिली. वीसपैकी तेरा व्यवस्थित बसली आणि सात अडली. बसलेल्यांपैकी आठ मी झाडली आणि पाच तुलनेसाठी राखून ठेवली आहेत. झाडलेल्या पुंगळ्यांवर (काडतुसांच्या रिकाम्या कवचांवर) मला वेगळे असे काही दिसले नाही.

व्हर्निअरने मोजल्यावर एक सोडल्यास सर्व काडतुसांची एकूण लांबी ७१ मिलिमीटरच्या आसपास, जवळजवळ सारखी भरली. जुन्या कंपनीची माझ्याकडे उरलेली काडतुसे आजही सहज बसतात. दुसरीकडे, अडलेल्या सातांपैकी दोन काडतुसे रेंजवरील एका सहकाऱ्याच्या त्याच कॅलिबरच्या रायफलमध्ये विनासायास बसली. म्हणजे माझी रायफल जुन्या काडतुसांना चालते आणि नवी काडतुसे दुसऱ्या रायफलला चालतात, मग दोष कोणाचा म्हणायचा?

एका परिचितांनी सांगितले की बोल्ट थोडा जोराने बंद करून काडतूस झाडून टाकावे, पुंगळी आपोआप चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या पोकळीच्या, मापाची होते. दुसऱ्यांनी बारीक पॉलिश पेपरने चेंबर आतून घासून घेण्याचा सल्ला दिला. दोन्ही गोष्टी करण्यास मन धजावत नाही, म्हणून येथे विचारत आहे.

उत्तर: कानस

आपण चाप ओढला नाहीत आणि पॉलिश पेपरही लावला नाहीत, हे दोन्ही निर्णय योग्य आहेत. मी बरीच वर्षे रायफलींच्या दुरुस्तीचे काम करतो आणि घरी घासलेली चेंबरे मला अनेकदा पाहावी लागली आहेत. चेंबर आतून घासले की ते सगळीकडून सारखे वाढत नाही; कागद जिथे टेकतो तिथे खोलगट भाग तयार होतो, झाडताना पुंगळी त्या खोलगट भागात फुगून रुतते आणि मग बाहेर येईनाशी होते. काढलेला धातू परत लावता येत नाही आणि शेवटी नळी बदलावी लागते.

आता मूळ प्रश्न. आपण एकूण लांबी मोजलीत, म्हणजे बुडापासून गोळीच्या टोकापर्यंतची. ती लांबी मॅगझीनसाठी महत्त्वाची असते, मात्र .३०८ सारखे काडतूस चेंबरमध्ये गोळीच्या टोकावर किंवा पुंगळीच्या कडेवर टेकत नाही, ते खांद्यावर टेकते. त्यामुळे बोल्ट बंद होणार की नाही हे मुख्यतः बुडापासून खांद्यावरील एका ठरावीक जागेपर्यंतच्या अंतरावर अवलंबून असते. या काडतुसात ती जागा म्हणजे खांद्याच्या उतारावर जिथे व्यास ०.४०० इंच भरतो ते वर्तुळ. चेंबरमध्ये याच वर्तुळापासून बोल्टच्या पृष्ठभागापर्यंत जे अंतर असते त्याला आपण हेडस्पेस म्हणतो.

आकडे पाहिले की गोष्ट लगेच उलगडते. अमेरिकेत शस्त्रे व काडतुसे यांची मापे ठरवणारी सॅमी ही उत्पादकांची संस्था १९२६ पासून आहे, आणि १९५२ मध्ये बाजारात आलेल्या .३०८ विंचेस्टरसाठी तिने काडतुसाचे बूड ते खांदा हे अंतर जास्तीत जास्त १.६३४ इंच आणि कमीत कमी १.६२७ इंच ठरवले आहे. चेंबरसाठी तेच अंतर कमीत कमी १.६३० इंच आणि जास्तीत जास्त १.६४० इंच आहे. हे दोन पट्टे एकमेकांवर थोडे चढलेले आहेत, हे ध्यानात घ्यावे. १.६३० इंचाचे चेंबर आणि १.६३४ इंचाचे काडतूस, दोन्ही आपापल्या जागी नियमात बसणारी असूनही, समोरासमोर आली तर ०.००४ इंच, म्हणजे एक दशांश मिलिमीटर एवढी ओढाताण होते. बोल्टचे लग, म्हणजे त्याला बंद स्थितीत अडकवून ठेवणारे दात, पुढच्या उतारावरून वळताना स्क्रूसारखे काम करतात, त्यामुळे इतका फरक दांड्यावर जोर देऊन दाबता येतो; पण तो जोर लगच्या पृष्ठभागावर येतो आणि ते वारंवार, विशेषतः कोरडे, घासले गेले तर एकमेकांना खरवडू लागतात.

त्यामुळे आपल्या प्रश्नाचे एक शक्य उत्तर असे आहे की दोषी कोणीही नाही: आपले चेंबर नियमाच्या आखूड टोकाला आहे, नव्या खोक्यातील काही काडतुसे लांब टोकाला आहेत, आणि सहकाऱ्याचे चेंबर जरा मोकळे आहे. परंतु हे गृहीत धरून चालणार नाही, ते तपासून पाहावे लागेल.

तपासणी रेंजवर, नळी लक्ष्याच्या दिशेला ठेवून करावी. सर्वप्रथम रायफल पूर्ण रिकामी करून, मॅगझीन काढून, बोल्ट रिकाम्या चेंबरवर बंद करून पाहावा. तो रिकाम्या चेंबरवरही अडत असेल तर काडतुसाचा विषय तिथेच संपतो. त्यानंतर बोल्टमधून फायरिंग पिनची (काडतुसाच्या बुडावर आदळून ते पेटवणाऱ्या सुईची) संपूर्ण जोडणी काढून घ्यावी. जिवंत काडतूस मुद्दाम घट्ट चेंबरमध्ये बसवून पाहताना पिन बोल्टमध्ये असताच कामा नये, ही माझी अट आहे. पिन काढल्याचा दुसरा फायदा असा की स्प्रिंगचा ताण नसल्यामुळे दांडा स्वतःच्या वजनानेच खाली पडतो आणि काडतुसाचा अगदी बारीक अडथळाही बोटांना कळतो.

मग एक अडणारे काडतूस काळ्या मार्करने गोळीपासून बुडापर्यंत रंगवावे, शाई पूर्ण वाळू द्यावी, काडतूस हलक्या हाताने जाईल तेवढेच आत सोडावे आणि काढून उजेडात फिरवून पाहावे. शाई जिथे घासली गेली असेल तिथे अडथळा. खांद्यावर सगळीकडून सारखे चमकदार कडे दिसले तर वर सांगितलेली लांबी. गोळीच्या फुगीर भागावर ठरावीक अंतराने छोटे उभे ठसे दिसले तर गोळी नळीतील आट्यांच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांच्या) सुरुवातीला टेकत आहे. बुडाजवळ अंगावर पट्टा घासला गेला तर पुंगळी तिथे फुगलेली आहे किंवा चेंबर तिथे अरुंद आहे. केवळ एकाच बाजूला ओरखडा असेल तर काडतूस वाकलेले किंवा चेपलेले असण्याचा संभव जास्त. आणि शाई कुठेच घासली नसेल तर अडथळा काडतुसाच्या पुढे नसून मागे आहे: बोल्टच्या तोंडाशी अडकलेला पितळेचा कीस, एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकडीच्या) मागे साचलेली घाण, किंवा लग ज्या खोबणीत वळतात तिथे घट्ट झालेले ग्रीस.

जोर देऊन झाडण्याच्या सल्ल्याबद्दल एवढेच सांगतो की अडथळा कशाचा आहे हे ठाऊक नसताना तसे करणे म्हणजे पुढचा अडथळा न पाहता गाडी ढकलणे आहे. खांद्याची लांबी असेल तर कदाचित काही होणार नाही. पण गोळी आट्यांत रुतली असेल किंवा पुंगळीचे तोंड काजळीत आवळले गेले असेल, तर दाब वाढतो, आणि बाहेरून या तिन्ही गोष्टी हाताला सारख्याच लागतात.

उत्तर: लाल_बावटा

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मी रेंजवर सुरक्षेची जबाबदारी सांभाळतो, म्हणून त्या बाजूने काही सांगणे मला आवश्यक वाटते.

मोजमाप करण्याआधी काडतुसाच्या बुडावरचा शिक्का वाचावा आणि तो नळीवर कोरलेल्या कॅलिबरशी अक्षरशः ताडून पाहावा. खोक्यावरचे नाव पुरेसे नाही, कारण रेंजवर काडतुसे एका खोक्यातून दुसऱ्या खोक्यात जातात. .३०८ च्या कुळातील .२४३ विंचेस्टर आणि ७ मिलिमीटर-०८ ही काडतुसे त्याच पुंगळीवरून बेतलेली असल्यामुळे बूड हुबेहूब सारखे दिसते. याहून धोकादायक जोडी म्हणजे .३०० ब्लॅकआउट आणि .२२३ रेमिंग्टन: दोन्ही एकाच मॅगझीनमध्ये बसतात, आणि .२२३ च्या रायफलमध्ये .३०० ब्लॅकआउट सहसा पूर्ण बसत नसले तरी जोराने ढकलल्यास गोळी पुंगळीत मागे सरकून बोल्ट बंद होऊ शकतो. त्यानंतर चाप ओढला तर जाड गोळीला बारीक नळीतून वाट नसते आणि रायफल फुटते. बोल्ट बंद न होणे हा अशा वेळी शेवटचा इशारा असतो, आणि जोर देणारा हात नेमका तोच इशारा बाजूला सारतो.

मी स्वतः पाहिलेला एक प्रसंग सांगतो. एका नेमबाजाने काडतूस बसवले, काही कारणाने गोळीबार थांबवण्याची सूचना आली, म्हणून त्याने ते न झाडता बोल्ट मागे ओढला. पुंगळी बाहेर आली ती गोळीवाचून, आणि दारूचे करडे दाणे मॅगझीनच्या तोंडावर आणि दस्त्याच्या खाचेत सांडले. गोळी आट्यांत रुतून तशीच आत राहिली होती. त्याने दाणे फुंकून काढले, काडतूस सदोष होते असे ठरवले आणि दुसरे काडतूस घातले. ते अर्थातच पूर्ण बसेना. तो दांड्यावर मूठ मारण्याच्या तयारीत असताना मी त्याला थांबवले. आम्ही नंतर बोल्ट काढून मागून उजेडाकडे पाहिले तेव्हा नळीतून काहीच दिसले नाही, तिथे तांब्याच्या रंगाचे गोल बूड तेवढे चमकत होते. ते दुसरे काडतूस बसले असते तर काय झाले असते हे मला आजही आठवून अंगावर काटा येतो.

म्हणून जेव्हा जेव्हा काडतूस अडेल तेव्हा पुढचे काडतूस घालण्यापूर्वी बोल्ट काढून नळीतून आरपार पाहावे. काढलेल्या काडतुसाला गोळी शाबूत आहे का, हेही त्याच क्षणी पाहावे.

काडतूस आतच अडकले आणि बोल्ट ना पुढे ना मागे अशी अवस्था झाली, तर रायफल लक्ष्याच्या दिशेला धरून ठेवावी, हात वर करून रेंज अधिकाऱ्याला बोलवावे. नळीच्या तोंडातून गज घालून जिवंत काडतूस मागे ठोकू नये; ठोकणाऱ्याचा हात आणि चेहरा त्या वेळी गोळीच्या वाटेवर असतो. दांड्यावर लाकडी ठोकळ्याने हाणू नये. हे काम कारागिराकडेच द्यावे. ज्यांच्याकडे अर्धस्वयंचलित रायफली आहेत त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: त्यांपैकी अनेकांत फायरिंग पिन सैल असते आणि बोल्ट वेगाने पुढे आल्यावर तिचा प्रायमरला (बुडातील पेट घेणाऱ्या टोपीला) हलका ठोसा बसतो, त्यामुळे तेच काडतूस पुन्हा पुन्हा आपटून बसवण्याचा प्रयत्न करणे योग्य नाही.

उत्तर: दस्ता

अलीकडे दस्ता बदलला आहे का, किंवा दुर्बिणीची बैठक नव्याने बसवली आहे का? पुढचा अॅक्शन स्क्रू काही धाग्यांनी लांब असला तर त्याचे टोक खालच्या लगच्या वाटेत येते, आणि बैठकीचा पुढचा स्क्रू लांब असला तर वरच्या लगला घासतो. दोन्ही प्रकारांत बोल्ट शेवटच्या टप्प्यात अडतो आणि सर्वजण काडतुसांना दोष देतात. मात्र तसे असेल तर तो रिकाम्या चेंबरवरही अडेल.

उत्तर: गजकुंचला

मला एक वेगळी शक्यता मांडायची आहे, कारण प्रश्नात स्वच्छतेचा उल्लेख कुठेच नाही. तीन वर्षांत आपण नळी नियमित साफ केली असेल याबद्दल मला शंका नाही, पण चेंबर वेगळे साफ केले आहे का? नळीच्या मापाचा ब्रश चेंबरमधून सैल जातो, कारण चेंबर नळीपेक्षा बरेच रुंद असते. परिणामी नळी आरशासारखी दिसते आणि चेंबरच्या खांद्यावर व मानेच्या पुढच्या टोकाला मात्र थर साचत राहतो.

हा थर साधा काळा डाग नसतो. पुंगळीच्या तोंडापुढे, जिथे चेंबरची मान संपते आणि थ्रोट, म्हणजे आट्यांपूर्वीचा भाग, सुरू होतो, तिथे दारूची राख दाब आणि उष्णता यांनी भाजली जाऊन काचेसारखे कठीण कडे तयार होते. .३०८ च्या पुंगळीची लांबी जास्तीत जास्त २.०१५ इंच, म्हणजे सुमारे ५१.२ मिलिमीटर असू शकते. एका कंपनीच्या पुंगळ्या त्याहून जराशा आखूड असतील तर त्या या कड्याला शिवतही नाहीत. दुसऱ्या कंपनीच्या पूर्ण लांबीच्या पुंगळ्यांचे तोंड नेमके त्यात शिरते. केवळ बसायला अडचण होते एवढेच असते तर गोष्ट किरकोळ होती. खरा धोका असा की तोंड बाहेरून आवळले गेल्यामुळे झाडताना ते गोळीला मोकळे सोडू शकत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. जुनी काडतुसे बसतात आणि नवी बसत नाहीत, हे लक्षण या कारणाशीही जुळते, म्हणून केवळ खांद्यावर संशय ठेवून थांबू नये असे मला वाटते.

.२२ च्या रायफली वापरणाऱ्यांना हा प्रकार चांगला ओळखीचा आहे. .२२ लाँग रायफलच्या चेंबरमध्ये आखूड .२२ शॉर्ट काडतुसे भरपूर झाडली की त्यांच्या तोंडापुढे शिसे, मेण आणि काजळी यांचे कडे साचते, आणि मग नेहमीचे लांब काडतूस बोटाने ढकलूनही शेवटचे दोन मिलिमीटर जात नाही. पोलादी पुंगळ्यांच्या काडतुसांनंतर पितळी काडतुसे अडल्याची तक्रारही पुष्कळ ऐकू येते. पोलाद पितळेइतके फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटत नाही, त्यामुळे धूर मागे येतो आणि भिंतीवर थर बसतो.

उपाय कष्टाचा असला तरी साधा आहे. चेंबरच्या मापाचा कांस्य ब्रश आखूड गजावर लावून, काजळी विरघळवणारे द्रावण देऊन, ते काही वेळ मुरू द्यावे आणि ब्रश चेंबरमध्ये गोल फिरवावा. नळीतून आरपार नेण्याचा हा ब्रश नाही. नंतर कोरड्या चिंध्यांनी द्रावणाचा अंशही राहू न देता पुसावे, कारण ओल्या किंवा तेलकट चेंबरमध्ये पुंगळी भिंतीला धरत नाही आणि बोल्टवर येणारा जोर वाढतो. पहिली चिंधी काळी येते, दुसरी तपकिरी. चिंधी पांढरी येईपर्यंत थांबू नये. पोलादी तारेचा ब्रश मात्र चेंबरमध्ये घालू नये.

प्रश्नकर्ता: तीनशे_मीटर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. गेल्या सुट्टीच्या दिवशी रेंज अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत तपासणी केली, तिचा वृत्तांत देतो.

सातही काडतुसांच्या बुडावर योग्य शिक्का आहे आणि नळी आरपार मोकळी आहे. दस्ता किंवा दुर्बीण यांना मी हात लावलेला नाही. रिकाम्या चेंबरवर, फायरिंग पिनची जोडणी काढल्यावर, दांडा स्वतःच्या वजनाने खाली पडतो. जुन्या कंपनीच्या काडतुसावरही तो जवळजवळ तसाच पडतो. अडणारे काडतूस घातले की तो अर्ध्यावर थांबतो.

मार्करने रंगवलेल्या सहा काडतुसांवर शाई फक्त खांद्यावर, पूर्ण वर्तुळात घासली गेली. गोळीवर एकही ठसा नाही आणि तोंडाची कड काळीच राहिली. एका नेमबाज मित्राकडे खांद्यापर्यंतची लांबी मोजण्यासाठी व्हर्निअरला लावायचे जोड आहे; त्याने मोजले असता ही सहा काडतुसे राखून ठेवलेल्या पाच चांगल्या काडतुसांपेक्षा ०.०५ ते ०.०८ मिलिमीटर लांब भरली.

सातवे काडतूस मात्र वेगळे निघाले. त्याची शाई खांद्यावर घासली गेलीच, शिवाय त्याची एकूण लांबी इतरांपेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून अधिक कमी आहे. पहिल्या मोजणीत जे एक वेगळे भरले होते ते हेच, आणि मी त्याकडे दुर्लक्ष केले होते. हेच ते पाचवे काडतूस आहे, जे मी पहिल्यांदा जोराने बसवले आणि नंतर खात्री करण्यासाठी मॅगझीनमधून पुन्हा पुन्हा भरून पाहिले. गोळी पुंगळीत आत गेली आहे असा याचा अर्थ होतो का?

चेंबरबद्दल गजकुंचला यांचा तर्क खरा ठरला. मी तीन वर्षांत चेंबरचा ब्रश एकदाही वापरलेला नव्हता. पहिल्या चार चिंध्या डांबरासारख्या काळ्या निघाल्या. साफसफाईनंतर त्या सहांपैकी चार काडतुसांवर बोल्ट बोटाच्या हलक्या दाबाने बंद झाला. दोन अजूनही अडतात.

उत्तर: कानस

सातव्या काडतुसाबाबत आपला अर्थ बरोबर आहे. मॅगझीनमधून वर येताना गोळीचे टोक प्रत्येक वेळी चेंबरच्या उतारावर आपटते आणि पुंगळीच्या मानेची पकड हळूहळू सैल होते. गोळी आत गेली की दारूसाठी उरलेली जागा कमी होते आणि दाब वाढतो. ते काडतूस झाडू नये, पक्कड लावून गोळी बाहेर ओढू नये आणि परत खोक्यात तर मुळीच ठेवू नये. त्यावर ठळक खूण करून ते विल्हेवाटीसाठी रेंजकडे सोपवावे. एकच काडतूस वारंवार भरणे-काढणे टाळावे असे मी पहिल्या उत्तरातच लिहायला हवे होते.

उरलेल्या सहांपैकी चार साफसफाईनंतर बसली, याचा अर्थ खांद्यावरच्या थराने चेंबर काही शतांश मिलिमीटरने आखूड केले होते. दोन अजून अडतात, त्यामुळे आता चेंबरचे माप घेणे योग्य ठरेल. जवळच्या कारागिराकडे गेज, म्हणजे चेंबरचे माप तपासण्याचे पोलादी ठोकळे, असतील. .३०८ साठी गो गेज १.६३० इंचाचे असते आणि त्यावर बोल्ट बंद व्हायलाच हवा, नो-गो १.६३४ इंचाचे, त्यावर तो सहसा बंद होऊ नये. गेज वापरताना एक्स्ट्रॅक्टर आणि इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) काढलेले असावेत आणि दांडा एका बोटाने फिरवावा, कारण जोर दिला तर पोलादी गेज चेंबरचा खांदा खराब करते. कारागिराला गो गेजच्या बुडावर पारदर्शक चिकटपट्टीचा एक थर लावून पुन्हा पाहायला सांगावे. त्या थराची जाडी सुमारे ०.००२ इंच असते, आणि त्यावरून चेंबर नियमाच्या कोणत्या टोकाला आहे हे कळते.

उत्तर: लाल_बावटा

काडतुसांच्या खोक्याच्या झाकणावर आतून किंवा बाहेरून लॉट क्रमांक छापलेला असतो. खोके टाकून देऊ नये. कंपनीकडे तक्रार करताना तो क्रमांक, खोक्यातील किती काडतुसे अडली ती संख्या आणि शाईच्या खुणांची छायाचित्रे पाठवावीत. दोष त्या संपूर्ण लॉटमध्ये असेल तर तो अशा तक्रारींवरूनच कंपनीच्या लक्षात येतो. जिवंत काडतुसे मात्र स्वतःहून पाठवू नयेत. ती कशी परत करायची हे कंपनीने कळवल्यावर त्याप्रमाणे करावे.

प्रश्नकर्ता: तीनशे_मीटर

शेवटची माहिती देतो, म्हणजे पुढे कोणाला हाच प्रश्न पडला तर उत्तर अर्धवट राहणार नाही.

कारागिरांनी माझ्यासमोर माप घेतले. गो गेजवर बोल्ट बंद झाला, नो-गोवर झाला नाही, आणि गो गेजच्या बुडावर चिकटपट्टीचा एक थर लावताच दांडा पाऊण वाटेवर थांबला. म्हणजे चेंबर नियमात आहे, परंतु अगदी आखूड टोकाला. त्यांनी लग पाहिले. उजव्या लगच्या मागच्या पृष्ठभागावर माझ्या त्या एका जोराची बारीक रेघ उमटलेली आहे. सध्या तिने काही बिघडत नाही, पण लगच्या मागे ग्रीसचा पातळ थर ठेवण्याची सूचना त्यांनी केली. चेंबर रीमरने (भोक मोठे करणाऱ्या हत्याराने) किंचित वाढवून देता येईल का असे मी विचारले, तेव्हा त्यांनी नकार दिला. रायफलमध्ये दोष नाही आणि आखूड चेंबरमध्ये पुंगळी कमी ताणली जाते, असे त्यांचे म्हणणे पडले, आणि ते मला पटले.

कंपनीला लॉट क्रमांक आणि छायाचित्रे पाठवली आहेत. अडणारी दोन काडतुसे तांबडी पट्टी लावलेल्या वेगळ्या डबीत ठेवली आहेत, आणि पाचवे काडतूस रेंजकडे दिले. नवीन लॉट घेताना आता आधी एकच खोके घेईन, रेंजवर पिन काढलेल्या बोल्टने प्रत्येक काडतूस एकदाच बसवून पाहीन आणि मगच उरलेला साठा घेईन. चेंबरचा ब्रश सफाईच्या पेटीत नळीच्या ब्रशाशेजारी ठेवला आहे.